एकोणीस सह्या

ब्रेनर काउंटीतल्या एकाही शेतघराचा कुत्रा आर्लिस केसेलवर भुंकत नसे. अठरा वर्षं ती काउंटीची पांढरी व्हॅन चालवत होती. म्हाताऱ्या माणसांना आणि अपंगांना डॉक्टरकडे, वाण्याच्या दुकानात, चर्चला, केस कापायला न्यायचं आणि परत घरी आणून सोडायचं, हे तिचं काम. नॉर्थ डकोटाच्या त्या भागात दोन घरांमध्ये तीन-तीन मैल अंतर, रस्ते खडीचे, आणि नोव्हेंबर ते मार्च बर्फ. ज्याची नजर गेली किंवा पाय गेले त्याच्यापुढे दोनच वाटा असत, आर्लिसला फोन करायचा नाहीतर घर विकून शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं.

त्याआधी ती शाळेत स्वयंपाकीण होती. नवरा रेमंड गेला, शाळा बंद पडली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं मोठी गाडी चालवायचा परवाना काढला. गाडीच्या मागच्या बाजूला चाकाची खुर्ची वर घेणारी लोखंडी फळी होती. पहिल्या दिवशी खुर्चीला चार पट्टे कसे बांधायचे हे तिला जमेना, तेव्हा खुर्चीतल्या क्लॅरिस वाल्डनंच तिला ते शिकवलं होतं.

"हा मागचा सैल ठेवलास तर मी पहिल्याच वळणावर तुझ्या मांडीवर येऊन बसेन," क्लॅरिस म्हणाली होती.

क्लॅरिस गावच्या टपाल कार्यालयात होती. मधुमेहानं आधी एक पाय घेतला, मग मूत्रपिंडं. आता वय अठ्ठावन्न. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातले तीन दिवस तिला नव्वद मैलांवरच्या बिस्मार्कला रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागे. पहाटे निघायचं, दुपारी परत. येताना ती थकून डोळे मिटून बसे, पण तोंड चालूच. कुणाचं पत्र कुणाच्या पेटीत पडलं होतं आणि त्यावरून कुणाचं लग्न मोडलं होतं, असल्या तीस वर्षांच्या गोष्टी तिच्यापाशी होत्या.

दुसरे इमॅन्युएल योकिम. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनाच्या काट्याशी उभे राहिलेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, पण गव्हाची ओंजळ घेऊन त्यातला ओलावा अजून बोटांनी सांगत. मंगळवारी ते आर्लिसबरोबर गावात येत, आणि त्यांची टपालातली पत्रं आर्लिस गाडीतच बसून त्यांना वाचून दाखवी. बँकेचं, विम्याचं, कॅनडातल्या बहिणीचं. त्यांचा नियम होता, सगळं वाचायचं. खालची बारीक अक्षरंसुद्धा.

"बारीक अक्षरात काय असतं तेवढं?" ती एकदा कंटाळून म्हणाली.

"मोठ्या अक्षरात जे लिहायला लाज वाटली ते," इमॅन्युएल म्हणाले.

ही व्हॅन केंद्र सरकारच्या पैशातून आली होती. पाचातले चार वाटे वॉशिंग्टनचे, पाचवा काउंटीनं घालायचा. तो पाचवा वाटा घालताना काउंटीचा कारभार बघणारे पाच कमिशनर दरवर्षी कुरकुरत, आणि दरवर्षी ड्वेन फेटिग त्यांच्यापुढे उभा राहून तो मिळवून आणी. ज्येष्ठांच्या केंद्राचा तो प्रमुख. आर्लिसचा साहेब, पण त्याआधी तिचा शाळेतला सोबती. पहिलीपासून बारावीपर्यंत दोघं एकाच वर्गात, कारण गावात वर्ग एकच होता. त्याच्या बायकोला, मार्डेलला, कर्करोग झाला तेव्हा दोन हिवाळे आर्लिसनं तिला औषधोपचारासाठी नेलं. चौतीस फेऱ्या. ड्वेनला ते बघवत नसे, म्हणून तो बरोबर येत नसे. येताना मार्डेलला ओकारी आली की आर्लिस गाडी रस्त्याकडेला थांबवून तिचं कपाळ धरून उभी राही. मार्डेल गेल्यावर अंत्यविधीच्या जेवणात आर्लिसनं साठ माणसांपुरतं नेफ्लाचं सूप केलं. बटाट्याच्या रश्शात पिठाचे गोळे घालून, मार्डेल करायची तसं. ड्वेननं ताटली तशीच ठेवून तिचा हात धरला आणि म्हणाला, "आर्लिस, हे मी विसरणार नाही."

त्या फेब्रुवारीत ड्वेननं तिला केंद्रात बोलावून दोन पानांचा एक कागद हातात दिला.

"या वर्षी प्रकरण अवघड आहे," तो म्हणाला. "कमिशनर म्हणतात, एवढ्याशा माणसांसाठी एवढा खर्च कशाला? आपल्याला दाखवायचंय की माणसं मागणी करतायत. तुझ्या गाडीत बसणाऱ्या सगळ्यांच्या सह्या हव्यात."

आर्लिसनं पहिलं पान वाचलं. आम्ही खाली सही करणारे या सेवेवर अवलंबून आहोत, ती आमच्या जगण्याचा आधार आहे, ती टिकावी आणि वाढावी, शहराची फेरी रोज मिळावी. छान लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर गच्च मजकूर होता, कलमं आणि त्यांचे आकडे, आणि अगदी तळाशी सह्यांच्या रेघा.

"हे काय?"

"सरकारी भाषा. प्रत्येक अर्जाला लावावी लागते. त्यात वेळ घालवू नकोस, शुक्रवारपर्यंत हवंय मला."

तिनं वेळ घालवला नाही.

चार दिवस ती आपल्या फेऱ्या सांभाळून घरोघर फिरली. उणे वीस तापमान होतं. शाई गोठू नये म्हणून पेन काखेत धरून ती दारात उभी राही. लोक आत बोलवत, कॉफी देत, कूखनचा, म्हणजे घरच्या गोड केकचा, तुकडा समोर ठेवत. पहिलं पान ती वाचून दाखवी, मग दुसरं पान असं दुमडून पुढे करी की सह्यांच्या रेघा वर येतील. कुणी काही विचारलं नाही. क्लॅरिसनं तर व्हॅनच्या फळीवर खुर्ची चढवता चढवताच हातमोज्यातून सही ठोकली.

"तू वाचलंयस ना? मग आण इकडे. बर्फ होण्याआधी आत तरी घे मला."

इमॅन्युएलच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती. त्यांनी पहिलं पान नीट ऐकलं, एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग हात पुढे केला. आर्लिसनं त्यांचं बोट रेघेवर नेऊन ठेवलं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

बाहेर गाडी चालू होती आणि तीत दोन बायका बसल्या होत्या. आर्लिस म्हणाली, "एवढंच."

त्यांनी सही केली. थरथरती, पण पूर्ण नाव.

एकोणीस सह्यांचा कागद गुरुवारीच ड्वेनच्या टेबलावर पोचला. त्यानं तो चाळून बघितला आणि म्हणाला, "हे तुझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं."

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी कोर्टाच्या इमारतीत कमिशनची बैठक होती. काही माणसं प्रत्यक्ष हजर असली तर बरं, असं ड्वेननंच सुचवलं, म्हणून आर्लिस क्लॅरिसला आणि इमॅन्युएलना घेऊन गेली. क्लॅरिसनं लिपस्टिक लावली होती. इमॅन्युएल चर्चचा कोट घालून आले होते. तिघं मागच्या रांगेत बसली.

अध्यक्षांनी विषय वाचला. व्हॅन आणि तिच्या सगळ्या फेऱ्या एक मेपासून बिस्मार्कच्या एका मोठ्या वाहतूक संस्थेकडे देण्यात येतील. काउंटीला यापुढे आपला वाटा घालावा लागणार नाही. गाडी केंद्र सरकारच्या पैशाची असल्यामुळे ती अशी हलवायची तर प्रवाशांची संमती असलेली बरी, आणि आनंदाची गोष्ट ही की सर्व एकोणीस प्रवाशांनी लेखी संमती दिलेली आहे. केंद्रप्रमुख ड्वेन फेटिग यांनी यासाठी घेतलेल्या कष्टांबद्दल त्यांचे आभार. नव्या संस्थेत ते या भागाचे व्यवस्थापक म्हणून काम पाहतील.

आर्लिसला वाटलं, आपण दुसऱ्याच कुठल्या तरी कागदाबद्दल ऐकतोय. मग इमॅन्युएलनी मान तिच्याकडे वळवली. त्यांना दिसत नव्हतं, तरी ते बराच वेळ तिच्या दिशेनं तोंड करून बसून राहिले.

पाच हात वर झाले. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली.

परतीच्या वाटेवर आधी इमॅन्युएलचं घर आलं. इमॅन्युएलना उतरवताना आर्लिसनं नेहमीसारखा कोपर पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. काठीनं चाचपडत ते आपले आपण पायऱ्या चढले आणि दाराशी थांबले.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले.

"मला माहीत नव्हतं, इमॅन्युएल. देवाशपथ, मी वाचलंच नव्हतं."

"मग 'एवढंच' का म्हणालीस?"

दार लागलं.

क्लॅरिसच्या घरापाशी आर्लिस पट्टे सोडत असताना क्लॅरिस म्हणाली, "तुझा दोष नाही असं मी म्हणणार आहे, आर्लिस. पण आज नाही. आज मला जमत नाहीये."

दुपारी आर्लिस केंद्रात गेली. ड्वेन खोक्यांत फायली भरत होता.

"तू मला फसवलंस," ती म्हणाली.

"बस आधी."

"मी उभी बरी आहे. तू मला त्यांच्या दारात पाठवलंस. माझ्या तोंडून ते वदवून घेतलंस."

ड्वेननं फाईल खाली ठेवली. तो चिडलेला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. "हे बघ, काउंटी यंदा पैसे देणारच नव्हती. मला आतून कळलं होतं. गाडी शेडमध्ये गंजत पडण्यापेक्षा शहरवाले चालवतील ते काय वाईट? आठवड्यातून एक दिवस का होईना, येतील."

"एक दिवस? क्लॅरिसला तीन दिवस जावं लागतं."

"त्यावर काहीतरी निघेल."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

त्यानं खोक्याचं झाकण लावलं. "सांगितलं असतं तर तू सह्या आणल्या असत्यास?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला. आणि वर म्हणाला, "दुसरं पान तुझ्याच हातात होतं. तुला वाचायला कुणी अडवलं होतं?"

त्या रात्री तिला झोप आली नाही, ती या शेवटच्या वाक्यामुळे. बाकी सगळ्याचा तिला राग आला होता, पण हे वाक्य खरं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ती पुन्हा घरोघर फिरली. या वेळी स्वतःच्या जुन्या ब्युइक गाडीतून, आणि कागद तिनं स्वतः लिहिलेला. 'आम्हाला दुसरं पान वाचून दाखवलं नव्हतं, आमची सही आम्ही मागे घेतो.' प्रत्येक दारात तिनं आधी आपली चूक सांगितली, मग काउंटीच्या कचेरीतून मिळवलेल्या मूळ कागदाच्या प्रतीची दोन्ही पानं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचली. पाऊण तास लागे. काहींनी ऐकून घेतलं. एका बाईनं तिला आत घेतलंच नाही, जाळीच्या दारामागूनच म्हणाली, "आता तुझा कुठलाही कागद नको गं बाई." नव्वदीतल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "यात तुला काय मिळालं?" तो टोमणा नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की तिला काहीतरी मिळालं असणार.

एकोणीसपैकी अकरा जणांनी सह्या केल्या. क्लॅरिसनं केली, दोन्ही पानं स्वतः वाचून, आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून. इमॅन्युएलनी दार उघडलं नाही.

अकरा सह्यांचं पत्र राज्याच्या कार्यालयात गेलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. मात्र चालू वर्षाच्या निधीचं वाटप अंतिम झालं असून पुढील वर्षी सूचना मागवल्या जातील तेव्हा आपण जरूर कळवावं. पत्र सभ्य होतं. कुणीतरी स्वतःच्या हातानं सही केली होती. आर्लिसनं ते तीनदा वाचलं, खालच्या बारीक अक्षरांसकट. तिथं फक्त पत्ता होता.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी व्हॅन बिस्मार्कला नेऊन द्यायची होती. ते काम तिच्याच अंगावर आलं. तिनं गाडीतल्या आपल्या वस्तू गोळा करून पुढच्या सीटवर ठेवल्या. दोन लोकरी पांघरुणं, पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी, बर्फ उकरायचं फावडं. मग गाडी आतून पुसली. का पुसली हे तिला सांगता आलं नसतं. नव्वद मैल ती एकटीच गेली. मागच्या आरशात रिकामी बाकं दिसत होती, म्हणून तिनं आरसा फिरवून ठेवला.

शहरातल्या त्या आवारात एका माणसानं गाडीभोवती फेरी मारली, ओरखडे मोजले, सही घेतली आणि किल्ल्या खिशात टाकल्या. मग आर्लिसच्या लक्षात आलं की परत जायचं कसं याचा विचार तिनं केलाच नव्हता. अठरा वर्षांत नेणारी तीच होती, तिला कुणी कुठं न्यायची वेळ आली नव्हती. भिंतीवर नव्या सेवेचा क्रमांक लावलेला होता. तिनं तो फिरवला. एका गोड आवाजाच्या मुलीनं वय विचारलं.

"एकसष्ट."

"मग तुम्हाला नक्की गाडी मिळेल, मॅडम. ब्रेनर काउंटीला आम्ही मंगळवारी जातो. दोन दिवस आधी नाव नोंदवायचं."

"आज गुरुवार आहे."

"हो, मॅडम. येत्या मंगळवारचं नोंदवू का?"

आर्लिसनं फोन ठेवला. नणंद शेतावर पेरणीत होती, शेजारीण फोन उचलत नव्हती. तासभर ती आपल्या वस्तू घेऊन बाकावर बसून होती. मग आतल्या दारातून ड्वेन बाहेर आला. त्याच्या गळ्यात नवं ओळखपत्र होतं. तिला बघून थबकला.

"चल, सोडतो," तो म्हणाला. "मी तिकडेच निघालोय."

तिला नाही म्हणायचं होतं. पण नव्वद मैल होते. ती त्याच्या गाडीत बसली, मागच्या बाकावर.

तीस मैल मागे पडले. मग ड्वेन आरशात बघत म्हणाला, "मार्डेल असती तर तिनं मला समजून घेतलं असतं."

"मार्डेलचं नाव काढू नकोस."

"तुलाच मी का पुढे केलं माहितेय? तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे. माझ्यावर तेवढा कधीच नव्हता."

"ठाऊक आहे. तू तोच वापरलास आणि संपवून टाकलास."

"मी काहीतरी वाचवलं, आर्लिस. तुला आज नाही पटणार."

"तू तुझी नोकरी वाचवलीस. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुझं वय झालंय, कर्ज आहे, मला सगळं माहीत आहे. मला येऊन सांगितलं असतंस की माझी नोकरी जातेय, तर मी रडले असते तुझ्याबरोबर. पण सह्या नसत्या आणल्या. तुला हे माहीत होतं, म्हणूनच तू मला मूर्ख बनवलंस."

गावात शिरताना ड्वेन म्हणाला, "घरापर्यंत सोडतो." ती म्हणाली, "चर्चपाशी थांबव." तिथून ती दीड मैल चालत गेली, पांघरुणं काखेत आणि बरणी हातात घेऊन. फावडं त्याच्या गाडीच्या डिकीत राहिलं. ते तिनं कधी मागितलं नाही.

नवी सेवा ठरल्याप्रमाणे मंगळवारी येऊ लागली. कधी येई, कधी रस्ता खराब म्हणून फोन येई. क्लॅरिसला पहिले काही आठवडे आर्लिस स्वतःच्या ब्युइकमधून नेत असे. खुर्ची घडी करून डिकीत, क्लॅरिसला काखेत धरून पुढच्या सीटवर. तिसऱ्या आठवड्यात दोघी वाटेतच पावसाच्या पाण्यात घसरून पडल्या. आर्लिसचं मनगट मोडलं. क्लॅरिस रस्त्यावर पडल्या पडल्या म्हणाली, "आता मात्र तुझाच दोष आहे," आणि दोघी चिखलात बसून हसत सुटल्या. एका ट्रकवाल्यानं उचलून घेतलं तोवर त्यांचं हसू थांबलेलं होतं.

जूनमध्ये क्लॅरिसनं घर विकलं आणि बिस्मार्कच्या वृद्धाश्रमात गेली. तिथं सगळ्यांत तरुण तीच. जायच्या दिवशी तिनं अंगणातल्या आंबट देठांच्या रुबार्बची मुळं आर्लिसला उकरून न्यायला लावली. "तिथं मला खिडकी आहे," ती म्हणाली. "माती नाहीये."

ज्यांना पायरी चढता येते अशा चौघांना आर्लिस अजून गुरुवारी गावात नेते. विमा कंपनीला हे ठाऊक नाही. पैसे ती घेत नाही, पण मागच्या सीटवर कुणी ना कुणी अंडी किंवा सॉसेज विसरून जातं.

इमॅन्युएलना मात्र त्यांची पुतणी किराणा आणून देते. आर्लिस तरीही गुरुवारी त्यांच्या दारावर थांबायची. आतून उत्तर येई, "आज काही नकोय." पुढल्या गुरुवारी पुन्हा तेच. असं उन्हाळाभर चाललं. एकदा सप्टेंबरात ते बाहेर ओट्यावरच बसले होते, त्यामुळे दार बंद ठेवायची सोय नव्हती. ती पायरीखाली उभी राहिली.

"इमॅन्युएल, ड्वेननं मला पण फसवलं," ती म्हणाली. मार्चपासून तिला हे त्यांना सांगायचं होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तू लबाड नाहीस. कोठारावर चाळीस वर्षं उभा होतो, लबाड माणूस मला पावलांवरून कळतो."

"मग?"

त्यांनी बराच वेळ काठी दोन्ही तळव्यांत फिरवली.

"ड्वेननं मला काय फसवलं? त्याला मी आयुष्यात कधी काही विचारलं नाही. मी तुला विचारलं होतं."

गाडीतून कुणीतरी हळूच हॉर्न वाजवला. दुकान बाराला बंद होत असे. आर्लिस म्हणाली, "पुढल्या गुरुवारी येते," आणि त्यांनी नकोही म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. ती गाडीत बसली आणि पुढच्या घराकडे निघाली.